शेहेचाळीस फूट आठ इंच

आमच्या सोमेश्वरनगरच्या घराच्या पुढच्या अंगाला एक तिकोनी जागा आहे. फाटकापाशी ती जवळजवळ पाच फूट रुंद आहे. भिंतीच्या कडेनं मागं जाता जाता निमुळती होत होत शेवटी तिथं पाऊलही मावत नाही. घराच्या मागं, उलट्या बाजूला, तसाच दुसरा तिकोन आहे. पुढच्यात आईनं तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा लावला. मागच्यात शेवगा, आणि मोरीच्या पाण्यावर अळू. लपाछपी खेळताना आम्ही भावंडं पुढच्या तिकोनात शिरायचो, आणि कोण किती आत जातं यावरून कोण किती रोड हे ठरायचं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उडत आलेली काजळी साऱ्या अंगणातून झाडून निघायची. त्या निमुळत्या टोकात मात्र ती पार पाडव्यापर्यंत साचून राहायची.

पाहुणे विचारायचे, "घर असं जरा तिरकं का बांधलं?"

तात्या म्हणायचे, "घर सरळ हाय. जागा तिरकी हाय."

तात्या म्हणजे माझे वडील. गवंडी. चौथीपर्यंत शिकलेले. वाघळवाडी, करंजेपूल, निंबुत, होळ या पट्ट्यात कितीतरी घरांच्या पायाची आखणी त्यांच्या हातची आहे. मी शाळेत गणित शिकवते. क्षेत्रफळावरून चौरसाचा कर्ण काढायचं उदाहरण फळ्यावर लिहिलं की दरवर्षी पुस्तकाच्या आधी ती तिकोनी जागा माझ्या डोळ्यांपुढं येते.

आजोबांच्या मागं गावठाणालगतची तीन गुंठे जागा तिघा भावांत वाटली गेली. गुंठा म्हणजे तेहतीस फूट औरस-चौरस. ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं एकेक गुंठा लागला. तात्या त्या दिवशी लांबच्या कामावर होते. मोजायला गावातलेच एक जाणते गृहस्थ आले. रस्त्याच्या कडेनं तेहतीस, आत तेहतीस, मागं तेहतीस, परत रस्त्यापर्यंत तेहतीस. खुंट्या ठोकल्या, नारळ फुटला, चहा झाला, माणसं घरोघर गेली. त्या मोजण्यात कुणाच्या मनात खोट नव्हती, हे तात्यांनी नंतरही कधी नाकारलं नाही.

सहा-सात वर्षांनी आमच्या घराचा पाया आखायचा दिवस आला. मी सातवीत होते. टेपची कडी खुंटीवर धरून ठेवायची, एवढंच माझं काम. तात्यांनी चारी बाजू पुन्हा मोजल्या. तेहतीसच्या तेहतीस. मला वाटलं, झालं. पण त्यांनी मला कोपऱ्यातल्या खुंटीपाशीच उभं ठेवलं आणि टेप घेऊन ते जागेच्या पोटातून तिरके चालत पलीकडच्या कोपऱ्यात गेले.

"पोट पडलंय टेपला. वर धर, ताण."

मी ताणला. त्यांनी वाचलं, पन्नास फूट. मग मला दुसऱ्या कोपऱ्यात पाठवलं. त्रेचाळीस फूट एक इंच. ते तिथंच उकिडवे बसले. काडीनं मातीत काहीतरी लिहीत राहिले, पुसत राहिले. आई चहा घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, "काय झालं हो?"

"गुंठ्याचा कर्ण शेहेचाळीस आठ पायजे," ते म्हणाले. "दोन्हीकडनं."

मला काही कळेना. मी म्हटलं, "पण बाजू तर चारी बरोबर आल्यात."

"चारी बाजू तेहतीस भरल्या म्हंजी चौरस झाला व्हय?" त्यांनी अंगणातल्या बाजेकडं बोट दाखवलं. जुनी बाज होती, तिच्या गाताचे सांधे सैल झाले होते. एका कोपऱ्याला धरून रेटली की सगळी तिरकी व्हायची. लाकडं तेवढीच राहायची, लांबी कशाचीच बदलायची नाही, आणि तरी तिच्यावर झोपलं की अंग आखडून घ्यावं लागायचं. आमच्या गुंठ्याचं तसंच झालं होतं. रस्ता सरळ गेलेला नव्हता, किंचित कोनात गेला होता, आणि मोजणाऱ्यांनी आतल्या बाजू जुन्या बांधाच्या धोरणानं धरल्या होत्या. काटकोन बघायचा गुण्या कुणी लावलाच नव्हता.

चौकोनाच्या चारी बाजू सारख्या असतील तर त्याच्या दोन कर्णांचा गुणाकार करून निम्मा केला की क्षेत्रफळ मिळतं. पन्नास गुणिले त्रेचाळीस फूट एक इंच, भागिले दोन. १०७७ येतात. १०८९ मधून बारा चौरस फूट गेले. बारा म्हणजे सहा बाय दोन. एक माणूस पाय लांब करून झोपेल एवढी जागा. कागदावर ती होती, जमिनीवर नव्हती.

आई म्हणाली, भावांशी बोला. तात्या म्हणाले, "तिघांचंबी सारखंच गेलंय. कुणी कुणाचं खाल्लं न्हाई. कुणाला काय सांगायचं?" तो विषय तिथं संपला. पण हद्दीला धरून भिंत तिरकी घ्यायची नाही, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवलं असावं. तिरक्या जागेच्या पोटात त्यांनी घर मात्र काटकोनात बसवलं. हद्द आणि भिंत यांच्यामध्ये जे उरलं ते पुढचा तिकोन आणि मागचा तिकोन. आईच्या वाट्याला ते कढीपत्ता आणि अळू होऊन आले.

शेहेचाळीस फूट आठ इंच हा आकडा त्यांना पाठ होता. कुठून आला, हे विचारायला मला बरीच वर्षं लागली. तोवर मी गणितात पदवी घेतली होती, वर्गमूळ भागाकार पद्धतीनं काढता येत होतं. १०८९ ची दुप्पट २१७८, तिचं वर्गमूळ ४६.६६९. पुढच्या ०.६६९ ला बारानं गुणलं की आठ इंच आणि वर सुताच्या पावभागाएवढी किरकोळ शिल्लक. इंचाचे आठ भाग केले की एकाला सूत म्हणतात, त्याचाही पाव. चौथी शिकलेला माणूस तेहतीस फुटांच्या चौरसाचा कर्ण एवढ्या बारकाईनं कसा सांगतो?

त्यांनी सांगितलं ते असं. "फुटाला सतरा इंच धरायचं. बाजू एक फूट, तर कर्ण सतरा इंच. तेहतीस फुटाला किती?" मी मनात गुणलं, पाचशे एकसष्ट इंच. म्हणजे शेहेचाळीस फूट नऊ. "आता गुंठ्याला एक इंच सोडून द्यायचा. ऱ्हायलं शेहेचाळीस आठ." हे त्यांना त्यांच्या मिस्त्रीनं शिकवलं होतं. मिस्त्रीला कुणी शिकवलं, ते ठाऊक नाही. एक इंच का सोडायचा, हेही कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सोडला नाही तर खुंटी बसत नाही, एवढं पुरेसं होतं.

तो एक इंच मला भेटला तो शुल्बसूत्रांत. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी आखणाऱ्यांसाठी बौधायन, आपस्तंब, कात्यायन यांच्या नावांवर जे ग्रंथ आहेत, त्यांत चौरसाच्या कर्णाची रीत दिली आहे. बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा. त्या तिसऱ्याचा चौथा हिस्सा आणखी मिळवा. आणि त्या चौथ्या हिश्शाचा चौतिसावा भाग वजा करा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी कागदावर एक फूट घेतला. बारा इंच. तिसरा हिस्सा चार इंच, झाले सोळा. चाराचा चौथा हिस्सा एक, झाले सतरा. फुटाला सतरा! आता वजाबाकी. एका इंचाचा चौतिसावा भाग. म्हणजे चौतीस फुटांना पुरा एक इंच सोडायचा. गुंठ्याची बाजू तेहतीस. तात्यांच्या मिस्त्रीचा एक इंच आणि दोन-अडीच हजार वर्षांमागच्या वेदीवरची ती वजाबाकी एकच होती. मी तो कागद घेऊन तात्यांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "त्यांनाबी पाया आखायचा असंल की."

या दोन पायऱ्यांत एक सुंदर गोष्ट आहे, ती वर्गात दाखवताना अजूनही माझा आवाज बदलतो. बाराचा वर्ग १४४, त्याची दुप्पट २८८. सतराचा वर्ग २८९. फक्त एकानं चुकलं. पुढची पायरी घ्या. चौतीस फूट म्हणजे ४०८ इंच, कर्ण ५७७ इंच. ४०८ चा वर्ग दुप्पट केला तर ३,३२,९२८. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. पुन्हा एकानंच चूक. आकडे मोठे करत चला, चूक बाजूच्या मानानं बारीक बारीक होत जाते, पण तो एक काही सुटत नाही. चौरसाची बाजू पूर्ण मापात बसली तर कर्ण बसत नाही, आणि कर्ण बसवला तर बाजू निसटते. पाठ्यपुस्तकं मुलांना हे लवकर जाणवू देत नाहीत. क्षेत्रफळ पन्नास दिलं की कर्ण दहा, बहात्तर दिलं की बारा, दोनशे दिलं की वीस. मुलांचं उत्तर छान सुटतं, पण त्या चौरसांच्या बाजू कुणी विचारत नाही. मी मुद्दाम गुंठा देते. बाजू तेहतीस, पुरी. कर्ण कधीच पुरा नाही.

आणि क्षेत्रफळाची दुप्पटच का? हे सूत्र पाठ करून मुलं मोकळी होतात, म्हणून मी त्यांना चार भावांची गोष्ट सांगते. चार गुंठे, दोन पुढं, दोन मागं, मिळून सहासष्ट फूट औरस-चौरस. आता प्रत्येक गुंठ्याचा एकेक कर्ण असा ओढा की चारी कर्ण मिळून मध्ये एक तिरपा चौरस तयार होईल. प्रत्येक भावाचा निम्मा गुंठा त्या चौरसाच्या आत आला, निम्मा बाहेर राहिला. चार निम्मे म्हणजे दोन गुंठे. कर्णावर उभा राहिलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट असतो. म्हणून क्षेत्रफळ दुप्पट करा आणि वर्गमूळ घ्या. एवढं मैदानावर फक्कीनं आखून दाखवलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं येऊन त्या आतल्या चौरसात उभी राहतात आणि आपण कुणाच्या गुंठ्यात आहोत, ते एकमेकांना सांगत सुटतात.

असंच एकदा नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. पुस्तकात दोनाच्या वर्गमुळाला करणी म्हटलेलं होतं. तिनं हळूच विचारलं, "बाई, करणी म्हणजे भानामती ना?" वर्ग हसला, पण तिचा प्रश्न खरा होता. आमच्या भागात करणी म्हटलं की आधी लिंबू-बाहुलीच आठवते. मी तिला सांगितलं, शुल्बसूत्रांत चौरसाच्या कर्णाच्या दोरीला द्विकरणी म्हणतात. द्वि म्हणजे दोन, करणी म्हणजे करणारी. जी दोरी बाजू म्हणून घेतली तर क्षेत्र दुप्पट करते ती. सांगता सांगता मला तात्यांची कामाची पिशवी दिसायला लागली. ओळंबा, गुण्या, सुताची गुंडी, थापी आणि करणी. माल उचलून विटांवर पसरायची ती लोखंडी, लाकडी मुठीची करणी, वर्षानुवर्षं घासून एका बाजूनं झिजलेली. दुसऱ्या दिवशी मी ती वर्गात नेली. मुलीनं ती हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि टेबलावर अगदी जपून ठेवली.

आपल्या दारातल्या जमिनीचं मोजमाप कसं आलं, हे मुलांना ठाऊक असावं असं मला फार वाटतं. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. आज आपण जी एकर-गुंठ्याची भाषा बोलतो, ती या मातीत नंतर रुजली, आणि तिचं एक मूळ आमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. इंग्रजी अमलातली पहिली मोजणी प्रिंगलसाहेबांची. ती फसली, मापं चुकली, शेतसाऱ्याचा आकार जड झाला, आणि इंदापूर तालुक्यात तर माणसं जमिनी टाकून निघून गेली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्यानं काम सुरू केलं, आणि तिथं बसलेली पद्धत पुढं मुंबई इलाख्यात पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीचा वर्ग म्हणजे गुंठा. आजही आमच्याकडं बांधाच्या भांडणात "दोन आणे जागा" असं म्हणतात, ते पैशाचे आणे नव्हेत.

त्या मोजणीची रीत बघितली की मला आणखी एक गोष्ट भावते. शंकू आणि साखळी घेऊन मोजणीदार शेताच्या कडेनं फिरत नसे. तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं, शेताच्या पोटातून, साखळी टाकत जाई. त्या रेषेवर शंकू रोवून काटकोन साधायचा आणि बाकीच्या कोपऱ्यांची अंतरं डावी-उजवीकडं मोजायची. शेताचे त्रिकोण पडायचे. टिपणात ते उतरायचे, आणि गुणाकार बुकात त्यांचं क्षेत्र निघायचं. म्हणजे सातबाऱ्यावरचं क्षेत्र मुळात कर्णावरूनच निघालेलं आहे. आम्ही वर्गात क्षेत्रावरून कर्ण काढतो तेव्हा त्याच वाटेनं परत चालत असतो. फरक एवढाच की पुढं वाटण्या होत गेल्या, तशी माणसं कडेकडेनं मोजायला लागली आणि पोटातून चालायचं विसरली.

सातबाऱ्याचं आणखी एक. तो हल्ली ज्या ए-फोर कागदावर छापून मिळतो, त्या कागदाचा कोपरा दुमडून चौरस करून बघा. पडलेली तिरपी घडी कागदाच्या लांब बाजूला लावा. तंतोतंत जुळते. कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ लांब आहे, आणि २९७ हा २१० च्या चौरसाचा कर्णच आहे. जर्मनीत १९२२ मध्ये ही मापं ठरवली गेली, ती याचसाठी की कागद निम्मा दुमडला तरी त्याचा आकार तोच राहावा. क्षेत्र लिहिलेल्या कागदाच्या अंगातच कर्ण आहे. कोऱ्या कागदावर मी हे मुलांकडून करून घेते. सातबाऱ्याला घडी घालायला मुलं तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

भास्कराचार्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे; त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याचं त्यात कोरलेलं आहे. त्यांच्या लीलावतीत एक उदाहरण आहे. भुजा सव्वातीन, कोटीही सव्वातीन, कर्ण सांगा. म्हणजे चौरसाचाच कर्ण. उत्तर पूर्णांकात येत नाही, हे ठाऊक असूनच ते घातलेलं आहे, आणि मग अशा न सुटणाऱ्या मुळाच्या जवळ कसं जायचं याची रीत येते. आधी एका मोठ्या वर्गानं, समजा दहा हजारानं, गुणायचं, मूळ घ्यायचं आणि मागाहून भागून टाकायचं. चार पूर्णांक चारशे सत्त्याहत्तर छेद आठशे. पट्टीनं मोजायला गेलात तर फरक दिसणार नाही इतकं जवळ. मुलांना मी विचारते, उत्तर सोपं यावं म्हणून सव्वातीनाऐवजी दुसरा आकडा त्यांना घेता आला नसता का? मग मुलं विचार करतात.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याचं शेततळं आखायचं होतं. त्याचं शेत लोणी भापकरच्या अंगाला, नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या बाजूला. कालव्याच्या खाली ऊस, वर जिरायत. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर नजर लावून बसायचं. मंजुरी तीस बाय तीस बाय तीन मीटरची होती. भाचा म्हणाला, "मावशी, नऊ गुंठं जातंय तळ्यात." खरं तर नऊ आर. आर म्हणजे दहा मीटर औरस-चौरस, गुंठ्यापेक्षा थोडा कमी; पण बोलताना सगळे त्यालाही गुंठाच म्हणतात.

तात्या आता ऐंशीच्या पुढं आहेत. गाडीत बसून हट्टानं आले. बाभळीखाली त्यांना खुर्ची टाकून दिली, तर पाच मिनिटांत उठून खुंटीपाशी. जेसीबीवाला घाईत होता, त्याला दुसरीकडं जायचं होतं. भाच्यानं चारी बाजू मोजून खुंट्या मारून ठेवल्या होत्या, फक्की टाकायची तेवढी राहिली होती.

"कर्ण बघितला का?" तात्यांनी विचारलं.

"आजोबा, तळंच तर हाय. पाण्याला काय करायचाय काटकोन?"

"पाण्याला नगं. कागदाला पायजे." प्लॅस्टिकचा कागद मापानं शिवून येणार होता, चौरस. तळं तिरकं झालं तर तो एका कोपऱ्यात गोळा होणार आणि दुसऱ्या कोपऱ्यात ताणून फाटणार. भाचा गप्प झाला आणि टेप घेऊन आला.

मी मोबाइलवर आकडा काढायच्या आत तात्या म्हणाले, "तीसला सतरानं गुण, बारानं भाग." साडेबेचाळीस. "त्यातनं जरा सोड. किती सोडायचं ते मीटरमधी मला कळत न्हाई, तू सांग." मी हिशेब केला. सात सेंटिमीटर. बेचाळीस मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर. नऊ आर म्हणजे नऊशे, दुप्पट अठराशे, वर्गमूळ ४२.४३. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या.

आणि मला एकदम ती वीट आठवली. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात बाबिलोनची एक मातीची वीट आहे, तळहातावर मावेल एवढी, साडेतीन हजार वर्षांहून जुनी. तिच्यावर एक चौरस कोरलाय आणि त्याचे दोन कर्ण. बाजूवर लिहिलंय तीस. कर्णावर, त्यांच्या साठाच्या हिशेबात, बेचाळीस, पंचवीस, पस्तीस. म्हणजे बेचाळीस पूर्णांक आणि वर चारशे सव्वीस सहस्रांश. बाजू तीस, कर्ण बेचाळीस त्रेचाळीस. आमच्या शेततळ्याचाच आकडा. तिकडं बाबिलोनच्या मुलखात कुणी तो ओल्या मातीत बोरूनं टोचला आणि इथं कालव्याच्या वरच्या अंगाला आम्ही तो खुंटीवर बसवायला उभे होतो. मी तात्यांना काही सांगितलं नाही. ते टेपची कडी धरून बसले होते.

पहिला कर्ण बेचाळीस मीटर एकसष्ट. दुसरा बेचाळीस चोवीस. सदतीस सेंटिमीटरचा फरक.

"निम्मा सरकवू का?" भाच्यानं विचारलं.

"निम्म्यानं भागत न्हाई. फरक चार इंच असंल तर पावणेतीन सरकवायचा. त्या हिशेबानं घे." मी पुन्हा मनात मांडलं. सदतीसला दोनाच्या वर्गमुळानं भागायचं. सव्वीस. तिथंही तोच आकडा, दाराआडून बघत उभा असल्यासारखा. मागच्या बाजूच्या दोन्ही खुंट्या उपटल्या आणि बाजू तेवढीच ठेवून सव्वीस सेंटिमीटर पूर्वेला घेतल्या. जमीन कडक होती, दुसरी खुंटी तिरकी शिरली, तिसऱ्या घावाला नीट उभी राहिली. तात्यांनी खुंटीच्या डोक्यावर खिळा मारायला लावला. खुंटी दोन इंच जाड असते, खिळ्याचा ठिपका एकच असतो.

मग परत टेप. भाचा पलीकडं, तात्या अलीकडं, मी मध्ये, टेपला पोट पडू नये म्हणून हातावर तोलून धरलेला. वाऱ्यानं तो सारखा थरथरत होता. तात्यांनी डोळे बारीक करून वाचलं, मग मला वाचायला लावलं.

"बेचाळीस त्रेचाळीस," मी म्हटलं.

"दुसरा बघ."

आम्ही कोपरे बदलले. तात्यांना चालायला वेळ लागला. जेसीबीवाला आता उतरून बांधावर बसला होता आणि आमच्याकडं बघत होता. त्यालाही आकडा ऐकायचा होता, असं मला वाटलं.

"बेचाळीस त्रेचाळीस," भाचा तिकडून ओरडला.

तात्यांनी कडी खिळ्यावरून काढली, टेप सोडला, आणि फक्कीची पाटी स्वतःकडं ओढून घेतली.